घाटात टेंपरेचर चढतं, वर पोचल्यावर ऑइलचा दिवा लुकलुकतो: जुन्या डिझेल जीपचे दोन काटे जोडीने वाचा

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. एप्रिल-मेचे दिवस, गाडीत माणसं आणि सामान भरलेलं, वाई सोडून पसरणी घाट लागला की टेंपरेचरचा काटा मध्यावरून सरकायला लागतो. पाचगणी येईपर्यंत तो लाल पट्टीला टेकतो. वर पोचून गाडी न्यूट्रलला उभी केली की ऑइलचा दिवा लुकलुकतो, जरा रेस दिली की विझतो. अर्धा तास थांबलं की सगळं पूर्ववत. गॅरेजला नेली तर तिथे काटाही चढत नाही आणि दिवाही लागत नाही. मग फिटर अंदाजाने थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतो, जरा जाड ऑइल भरतो, महिना बरा जातो, आणि पुढच्या घाटात पुन्हा तेच. पसरणीच्या जागी कुंभार्ली घाला, वरंधा घाला, गोष्ट बदलत नाही.

इथे मी बोलतोय ते मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल गाड्यांबद्दल. महिंद्राच्या एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या डिझाइनचं २११२ सीसीचं इंजिन असे, नंतर अडीच लिटरची डीआय इंजिनं आली. त्या पिढीतल्या जीपा, पिकअप, प्रवासी गाड्या. ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर नाही, स्कॅनर लावायला जागा नाही. इंजिनात काय चाललंय ते सांगायला डॅशबोर्डवरचे काटे तेवढे आहेत, आणि कित्येक गाड्यांत ऑइलचा काटाही नाही, नुसता दिवा आहे.

हे दोन काटे वेगवेगळे वाचण्याची सवय मोडायला हवी. इंजिन खरंच तापलं तर ऑइल पातळ होतं, आणि पातळ ऑइलचं प्रेशर त्याच वेगाला कमी दिसतं. म्हणजे टेंपरेचर खरं चढलं असेल तर थोड्या वेळाने ऑइलच्या काट्याने खाली यायलाच हवं. ऑइल पाण्यापेक्षा हळू तापतं, त्यामुळे दुसरा काटा पहिल्याच्या काही मिनिटं मागे असतो. दोन्ही काटे एकमेकांना दुजोरा देत असतील तर इंजिनकडे बघा. एकच काटा नाचत असेल आणि दुसरा ढिम्म असेल, तर स्पॅनर हातात घेण्याआधी वायर बघा.

नुसत्या दिव्यावर भागत नाही

ऑइलच्या दिव्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला, म्हणजे ४ ते ७ पीएसआयला जुळतो. प्रेशर याच्या खाली गेलं की दिवा लागतो. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, हे ठीक आहे. पण तिसऱ्या गिअरमध्ये भरल्या गाडीने चढताना इंजिनाला ३०-४० पीएसआय लागत असतात. तिथे प्रेशर १२ वर आलं तरी दिवा शांतच राहील आणि बेअरिंग घासत राहतील. चालत्या गाडीत दिवा लागला तर ती सूचना नसते, पंचनामा असतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे ऑइल प्रेशरचा काटा बसवणं. ऑइल गॅलरीवर (ब्लॉकमधली ऑइलची मुख्य वाट) जिथे स्विच आहे तिथे पितळेची टी लावा, एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला नवं युनिट, म्हणजे प्रेशर मोजून काट्याला कळवणारा सेन्सर. दिवा काढून टाकू नका, रात्री काट्याकडे लक्ष नसताना तोच उपयोगी पडतो. एक काळजी घ्या: प्रेशरचं युनिट डब्यासारखं जड असतं. टीवर ते लोंबकळत ठेवलं तर डिझेलच्या थरथरीने टीच्या आट्यांतून तुटतं आणि सगळं ऑइल रस्त्यावर येतं. छोटा ब्रेडेड होज घेऊन युनिट फायरवॉलवर क्लॅम्प करा, आणि त्याच्या बॉडीला वेगळी अर्थची (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी) वायर द्या.

मेकॅनिकल काटा घेतलात तर वायरिंगची कटकट नाही, आत नुसती वक्र नळी असते आणि प्रेशरने ती सरळ व्हायला बघते. पण गरम ऑइल केबिनपर्यंत येतं. सोबत मिळणारी प्लॅस्टिकची बारीक नळी सायलेन्सरच्या पाइपजवळून नेऊ नका. तांब्याची नळी वापरायची तर तिला एक-दोन वेटोळी ठेवा, ताणून बसवलेलं तांबं थरथरीने कडक होऊन तडकतं.

काटा खोटं बोलतोय का?

ज्या जुन्या गाड्यांत एका वायरचं युनिट आहे, त्यांत युनिटचं दुसरं टोक म्हणजे त्याची बॉडी. बॉडीतून इंजिन ब्लॉक, ब्लॉकवरून अर्थची पट्टी, तिथून चासी आणि बॅटरी. ही पट्टी वीस-पंचवीस वर्षांत हिरवी पडलेली असते, किंवा इंजिन उतरवल्यावर कोणीतरी रंगावरच बोल्ट आवळलेला असतो.

आता यातली खोच बघा. टेंपरेचरच्या युनिटचा रेझिस्टन्स गरम होताना कमी होतो; व्हीडीओ (VDO, काटे बनवणारी जर्मन कंपनी) प्रकारच्या युनिटमध्ये ४० अंशाला तो साधारण २९० ओहम असतो आणि १२० अंशाला २०-२५ वर येतो. त्याच घराण्यातलं प्रेशरचं युनिट उलटं चालतं: शून्य प्रेशरला १० ओहम, पूर्ण प्रेशरला १८०. अर्थ खराब झाला की दोन्हींच्या वाटेत जादाचा रेझिस्टन्स येतो. मग टेंपरेचर दिसतं त्यापेक्षा इंजिन गरम असतं, आणि प्रेशर दिसतं त्यापेक्षा कमी असतं. एक गंजलेली पट्टी दोन्ही काट्यांना एकाच वेळी "सब ठीक" म्हणायला लावते. अमेरिकी पद्धतीचं २४० ते ३३ ओहमचं प्रेशर युनिट असेल तर मात्र तोच खराब अर्थ प्रेशर कमी दाखवतो आणि तुम्ही विनाकारण घाबरता. म्हणून आपल्या गाडीत कोणत्या घराण्याचं युनिट आहे ते एकदा मल्टिमीटरने मोजून ठेवलेलं बरं. इंजिन बंद असताना प्रेशरच्या युनिटवर १० ओहम दिसतात की २४०, एवढं पाहिलं तरी कळतं.

अर्थ तपासायला इंजिन चालू करा, हेडलाइट लावा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा. ०.१-०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी बदला. मग तेच टोक बॅटरीवरून काढून काट्याच्या बॉडीला लावून बघा, कारण डॅशबोर्डचा अर्थ वेगळ्या जागी असतो आणि तोही ढिला असतोच. हेडलाइट लावल्याबरोबर टेंपरेचरचा काटा हलत असेल तर मीटरचीही गरज नाही, दिवे लावून पाणी तापत नसतं. पट्टी फारच गेली असेल तर स्टार्टरचा करंट क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परत येतो आणि केबल गरम लागते. तसं झालं असेल तर पट्टी आजच बदला, उद्यावर टाकू नका.

युनिट बसवताना टेफ्लॉन टेपचे चार-चार वेढे देण्याचीही फॅशन आहे. गळती थांबते, अर्थही थांबतो. टेप लावायचीच तर एक वेढा द्या आणि पुढच्या दोन आट्या मोकळ्या सोडा.

काटा चांगला की वायर, हे पाहायला इग्निशन चालू करून टेंपरेचर युनिटची वायर काढा. काटा थंड टोकाला जायला हवा. तीच वायर क्षणभर ब्लॉकला टेकवा, काटा गरम टोकाकडे धावायला हवा. धावला की लगेच सोडा, धरून ठेवलं तर काटा जळू शकतो. एवढं झालं तर काटा आणि वायर बरी, संशय युनिटवर. टेंपरेचर आणि डिझेल हे दोन्ही काटे एकदमच वर चढत असतील, तर ज्या गाड्यांत काट्यांसाठी व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो तिथे तोच गेलेला असतो, किंवा त्याचा अर्थ.

युनिट बदलताना दुकानदार म्हणतो, "घ्या, सगळ्याला बसतं." बसतं, कारण आट्या जुळतात. ओहम जुळतील असं नाही. नवं युनिट लावल्यापासून काटा नेहमीपेक्षा वर राहायला लागला असेल तर गाडी आजारी पडलेली नाही, युनिट दुसऱ्या घराण्यातलं आहे. खात्री करायला पातेल्यात पाणी उकळा, युनिटचं टोक त्यात बुडवा, मल्टिमीटरने ओहम वाचा, शेजारी थर्मामीटर ठेवा. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशाच्या आसपास उकळतं आणि महाबळेश्वरला ९५-९६ ला, हे लक्षात असू द्या, नाहीतर दोष थर्मामीटरला द्याल.

इन्फ्रारेड गन असेल तर थर्मोस्टॅटच्या घरावर मारा. पण चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती बरंच कमी दाखवते. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मारली की आकडा विश्वासाचा.

जोडीने वाचताना

जुन्या जीपला आरपीएमचा काटा नसतो, म्हणून "हजार आरपीएममागे १० पीएसआय" हा प्रसिद्ध नियम तिथे फारसा कामाचा नाही. त्याऐवजी आपल्या रोजच्या रस्त्यावर एक सपाट पट्टा ठरवा. तिसरा गिअर, ताशी ४०, इंजिन पूर्ण गरम. त्या जागी दोन्ही काटे किती, आणि गाडी थांबवल्यावर गरम आयडलला प्रेशर किती, हे डिझेल भरल्याच्या वहीतच लिहा. ऑइल बदलल्यावर एकदा, उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा. काट्यावर किलो लिहिलं असेल तर १ किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय धरा. पुस्तिकेतला आकडा कारखान्यातून आलेल्या इंजिनाचा असतो. तुमच्या इंजिनाचा आकडा या वहीतून कळेल.

मग घाटात काय दिसतं त्यावरून वाटा फुटतात.

टेंपरेचर दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढलं आणि त्यामागून प्रेशर नेहमीच्या आकड्यापेक्षा उतरलं, तर ताप खरा आहे. ऑइलच्या मागे लागू नका, कूलिंग सुधारा, प्रेशर आपोआप परत येतं. वर सांगितलेल्या पाचगणीच्या तक्रारीत बहुतेक वेळा हेच निघतं.

टेंपरेचर एका झटक्यात वीस अंश चढलं आणि प्रेशर जागचं हललं नाही, तर ते शक्य नाही. एवढं पाणी आणि बिडाचा एवढा मोठा ठोकळा एका सेकंदात तापत नसतो. वायर कुठेतरी बॉडीला घासते आहे.

सगळ्यात वाईट प्रकार वेगळाच आहे. टेंपरेचर चढत जातं, लाल पट्टीजवळ पोचतं आणि अचानक खाली येतं. लोकांना हायसं वाटतं आणि ते गाडी हाणत राहतात. युनिटचं टोक पाण्यात बुडलेलं असेल तरच ते पाण्याचं तापमान सांगतं. पाणी कमी होऊन ते उघडं पडलं तर त्याच्याभोवती हवा आणि वाफ उरते आणि काटा कमी दाखवतो. अशा वेळी खरं बोलणारा एकच काटा उरतो, ऑइलचा. टेंपरेचर "उतरलं" पण प्रेशर घसरतच चाललं असेल, तर गाडी तिथेच बाजूला घ्या. पुढचा अर्धा किलोमीटर हेडचा खर्च वाढवतो.

टेंपरेचर नेहमीचं आणि प्रेशर फक्त तीव्र वळणांवर, जोरदार ब्रेकला किंवा उभ्या चढावर डुबतं, तर आधी ऑइलची पट्टी (डिपस्टिक) काढून पातळी बघा. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, ऑइल कमी असेल तर ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. आणि वेग वाढवल्यावर प्रेशर वाढण्याऐवजी पडत असेल, तर चेंबरमधली जाळी गाळाने तुंबली आहे. जुनं ऑइल वर्षानुवर्षं न बदललेल्या गाडीत हे हमखास.

ताप खरा निघाला तर

तो कधी येतो ते बघा. उभ्या गाडीत किंवा हळू चढावर तापते पण सपाट रस्त्यावर वेग घेतला की उतरते, तर हवेचा प्रश्न आहे: फॅन बेल्ट ढिला, फॅनची पाती तुटलेली, किंवा रेडिएटर आणि फॅनभोवतीचा श्राउड (हवा कोंडून नेणारं आवरण) कोणीतरी काढून फेकलेला. अपघातानंतर श्राउड परत न बसवणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे. त्याच्याविना फॅन रेडिएटरच्या मधल्या गोलापुरतीच हवा ओढतो. उलट हायवेवर वेगात तापते आणि गावात बरी राहते, तर पाण्याचा प्रवाह तपासा. खालचा होज पाइप आतून स्प्रिंग नसल्यामुळे ओढून चपटा होतोय का, हे दुसऱ्या कोणाला रेस द्यायला लावून बघा.

थंड इंजिन चालू केल्या-केल्या रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, किंवा मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर हेड गॅस्केट. त्याला औषध नाही, हेड उतरवावंच लागतं.

राहता राहिला रेडिएटर. आपल्याकडे बोअरचं पाणी घालण्याची सवय आहे आणि दख्खनच्या पठारावरचं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. क्षार नळ्यांत साचतात. गरम इंजिनवर, फॅनपासून हात लांब ठेवून, इन्फ्रारेड गन कोअरवर आडवी-उभी फिरवा. एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा बराच थंड असेल तर तिथल्या नळ्या बंद आहेत. बाहेरून पाणी मारून काही होणार नाही, टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. बाहेरची माती काढायची तर पाण्याचा फवारा इंजिनच्या बाजूने पुढे मारा, पुढून मारला तर किडे आणि चिखल आणखी आत बसतात. नंतर डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मं-निम्मं.

रेडिएटरचं झाकण स्वस्तातलं म्हणून कोणी त्याकडे बघत नाही. १३ पीएसआयचं चांगलं झाकण साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू ११८-११९ अंशांपर्यंत नेतं. रबर गेलेलं झाकण म्हणजे उघडं पातेलं, आणि पाचगणीच्या उंचीवर ते ९६ ला उकळणार. ज्या जीपला कुलंटची बाटली नाही तिथे रेडिएटर तोंडापर्यंत भरू नका, बोटभर जागा ठेवा, नाहीतर तेवढं पाणी पहिल्याच तापात ओव्हरफ्लोने बाहेर जातं आणि तुम्ही गळती शोधत बसता.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याबद्दल माझं मत कडक आहे: काढू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, काही पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच घिरट्या घालतं, आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापू शकते. सपाटीला मात्र ती कधी नीट गरम होत नाही, धूर टाकते, डिझेल जास्त खाते. ८२ अंशाचा नवा थर्मोस्टॅट घ्या, बसवण्याआधी त्याच पातेल्यात उघडतो का बघा.

टेंपरेचर ठीक, पण प्रेशर कमी

ऑइलची पट्टी काढा आणि वास घ्या. पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचा डायफ्रॅम किंवा इंजेक्शन पंपाचं सील डिझेल चेंबरमध्ये सोडतंय. पातळी वाढली म्हणून खूश होणारे मालक मी पाहिलेत. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, गाडी चालवू नका. दोन्ही नसेल तर फिल्टर बदला, ऑइल पुस्तिकेच्या ग्रेडचं भरा आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघा. जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने अर्धवट उघडा अडकला तरी सगळ्याच वेगाला प्रेशर कमी दिसतं. तो काढून साफ करणं तासाभराचं काम आहे, पंप उघडण्याआधी ते करा.

१५डब्ल्यू-४० ग्रेडच्या ऑइलच्या जागी जाड २०डब्ल्यू-५० भरून काटा वर येतो, हे खरं आहे. बेअरिंगमधली फट मात्र तेवढीच राहते. विकायला काढलेल्या गाडीत जाड ऑइल असतं ते याचसाठी. जुनी जीप घ्यायला जाल तेव्हा थंड इंजिनचं प्रेशर बघून भुलू नका, दहा किलोमीटर पळवून आणा आणि गरम आयडलला बघा.

गरम आयडल दर ऑइल चेंजला थोडं-थोडं उतरत चाललं असेल, आणि रेस दिली की प्रेशर व्यवस्थित चढत असेल, तर बेअरिंग झिजली आहेत. हे अचानक होत नाही, वहीत सहा-आठ महिने आधी दिसतं. बऱ्याच इंजिनांत चेंबर खाली उतरवून, इंजिन गाडीतच ठेवून बिग एंडचे शेल (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथली बेअरिंग) बदलता येतात. क्रँकला ओरखडे नसतील तर खर्च आटोक्यात राहतो. दिव्याची वाट पाहत बसलात तर तेच काम क्रँक ग्राइंडिंगसह करावं लागतं.

घाटात असताना

काटा सरकायला लागला की एक गिअर खाली घ्या. तिसऱ्यात गुदमरत चढण्यापेक्षा दुसऱ्यात इंजिन मोकळं फिरू द्या. वॉटर पंप, फॅन आणि ऑइल पंप तिन्ही इंजिनच्या वेगावर चालतात. एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण उघडा आणि मे महिन्यात घाम पुसत बसा, तो छोटा रेडिएटरच आहे. थांबायचं ठरलं आणि ऑइलचं प्रेशर अजून शाबूत असेल तर लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं जरा जास्त आयडलवर चालू ठेवा. प्रेशर नसेल, किंवा पाणी संपलंय असा संशय असेल, तर त्याच क्षणी बंद.

बंद केल्यावर काटा आणखी थोडा चढतो. पाणी फिरायचं थांबतं आणि ब्लॉकमधली उष्णता एकाच जागी साठते. ते नेहमीचं आहे. झाकणाला मात्र अर्धा तास हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायला धावत येणाऱ्या मदतनीसाला चहाच्या टपरीवर पाठवा.